आतोबांचे पाहुणे

आमच्या आतोबांइतका पाहुण्यांचा भुकेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात नव्हता. आणि पुढे पुढे तर त्यांचे पाहुणे त्यांच्याखेरीज कुणाला दिसतही नसत. आतोबा महाराजांच्या पागेसाठी खोगिरं शिवत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी बोटांनी चाचपून शिवायचे, आणि एकदा तर स्वतःचं धोतर खोगिराला इतकं पक्कं शिवून बसले, की आत्याला कात्री आणावी लागली. त्याच सुमारास मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो. भर वैशाखात जेवताना आतोबा रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाले, "पावणं, चिंब भिजलासा की! गगनबावड्यास्नं आलासा काय? चुलीम्होरं या." घोंगडी पांघरलेले दोन बाप्ये आणि एक बाई, बोलत नाहीत, नुसती निथळत बसतात, असं त्यांनी मला समजावलं. एकदा मी चुकून तिथंच पाट मांडला, तर केवढ्यांदा ओरडले, "ऊठ की! बाईच्या मांडीवर बसलास!" त्या रात्री मला झोप लागली नाही. आत्या मात्र भिंतीकडे न बघता रोज तीन ताटं जास्तीची वाढायची.

शेवटी डोळ्यांचं काहीतरी करायचं ठरलं. बाजारातला वैदू सुईनं मोती बाजूला सारायचा. माणसाला तिथल्या तिथं दिसायचं, पण आमच्या शेजाऱ्याचा डोळा महिन्याभरात नासला होता. इस्पितळातला डॉक्टर मोती कापून बाहेरच काढी. आत्यानं डॉक्टरचा हट्ट धरला. आधी एकच डोळा करायचा ठरला. दोन्ही डोळ्यांना पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या अशा अवस्थेत आतोबा कितीतरी दिवस उताणे पडून होते. मी गेलो की पुटपुटत, "तिघंबी हितंच आल्यात. खाटंखाली वल हाय बघ." मी वाकून बघितलं नाही.

पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा चढला. आत्याकडे निरखून म्हणाले, "किती म्हातारी झालीस गं!" ती हसता हसता रडली. डॉक्टर म्हणाले, "आता दुसराही करून टाकू."

"नगं, सायेब. ह्या डोळ्यात तिघं बसल्यात. त्यास्नी कुठं घालवू?"

मग रोज जेवायला बसताना ते बरा डोळा तळव्यानं झाकून भिंतीशी दोन शब्द बोलत. पुढल्या उन्हाळ्यात एकदा असाच डोळा झाकून ते बराच वेळ बघत राहिले. हात खाली आला.

"गेली की गं. सांगूनबी न्हाई गेली."

मी ती तीन ताटं उचलायला गेलो, तर वर्षभर त्या भिंतीला भ्यालेल्या आत्यानं माझा हात धरला.

"असू देत," ती म्हणाली. "आवं, ऊन किती पडलंय. घोंगडी वाळवाय गेली असतील. येतील की."