कढईपुढचं ध्यान

आमच्या भूम तालुक्याकडं दूध आटवून खवा करणाऱ्या भट्ट्या पुष्कळ. त्यातली एक आमची. लोक तिला माझी भट्टी म्हणतात, चालवते बायको. माझ्याकडं दूध मापून घ्यायचं काम होतं, आणि ते मी बहुतेक तोंडानंच करायचो. दूध पातळ दिसलं की माझा आवाज चढलाच. एका सकाळी एका म्हाताऱ्या गवळ्याला चारचौघांत असा काही बोललो, की ते भरली किटली घेऊन तसेच माघारी फिरले.

बायकोनं माप माझ्या हातातून काढून घेतलं. “डोकं थंड हुईस्तोवर दुधाला हात लावायचा न्हाई.”

स्वतःच्याच भट्टीवर मी बिनकामाचा झालो. शेवटी भाचीनं मोबाईलवर ध्यानाचं ॲप घालून दिलं. त्यातली बाई इतक्या मायेनं बोलायची, की पहिल्याच बैठकीत मी घोरायला लागलो.

बायकोनं हलवून उठवलं. “कोण हाय ही? माझ्या बोलण्यानं तर कधी झोप लागली न्हाई तुमाला.”

तरी नेम सोडला नाही. रोज बसायचो, पेंगायचो, उठून ‘लई शांत वाटलं’ म्हणायचो. मग मला अक्कल सुचली. कढईपुढं उलथणं फिरवता फिरवता ध्यान केलं, तर झोपही येणार नाही आणि कामालाही लागू. बायको सरपण आणायला परसात निघाली तेव्हा “मी बघतो जरा” म्हणालो, बाईला एका कानात घातलं आणि डोळे मिटले.

बाई म्हणाली, “मनात जे येईल ते येऊ द्या. फक्त पाहा.”

उलथणं मंदावलं, मग थांबलं. करपल्याचा वास आला. मी येऊ दिला. वास वाढला. मी तटस्थ राहिलो. आयुष्यात इतकं मन लावून कुणाचं ऐकलं नव्हतं.

“अवं, लागला की खवा!”

डोळे उघडले तोवर बायकोनं पेटती लाकडं बाहेर ओढली होती. तळाला धक्का न लावता तिनं वरच्या वर खवा दुसऱ्या भांड्यात काढला. एवढ्या धांदलीत हात कुठं चुकला नाही. बघत राहावं असं काम.

मी तोंड उघडलं. नेहमीचं सगळं तयारच होतं: लाकडं ओली, दूध पातळ, तूच उशीर केलास. तेवढ्यात कानातली बाई म्हणाली, “आता सावकाश श्वास सोडा.” सोडला. त्याच्याबरोबर सगळी फिर्यादही निघून गेली.

“माझ्यामुळं लागला,” मी म्हणालो.

बायको दचकली. खवा लागल्यावर दचकली नव्हती एवढी. “बरं हाय न्हवं तुमाला?”

वाचलेल्या खव्याचे तिनं पेढे केले. जरा धुरकट लागत होते, म्हणून विकले नाहीत. डबा भरून मला गवळ्याच्या घरी धाडलं. “चुकलं म्हणा. आन् खवा कसा लागला तेबी सांगा.”

दोन्ही सांगितलं. “डोळं झाकून? कढईम्होरं?” म्हाताऱ्यांना हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या सकाळी ते किटली घेऊन हजर. बायकोनं माप माझ्या हातात दिलं आणि कढईकडं वळली. मी दूध ओतून घेतलं. जरा पातळच वाटलं.

सावकाश श्वास सोडला.