मायचं ऑपरेशन आणि माझी सुट्टी

निलंग्याच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना माय रडली न्हाई. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आता कामं निघतील म्हणून लोक खुशीत होते. पण आमच्या विहिरीचा तळ उघडा पडलेला आणि सातवीतनंच माझी शाळा सुटलेली. मुंबईत मामा एका खानावळीत भांडी घासायचे, त्यांच्याकडं निघालो होतो. "कामाला लाजू नको अन् जेवायलाबी लाजू नको," एवढंच माय म्हणाली.

त्या खानावळीतनं मी पुढं मस्कतला आलो. आता एका कंपनीच्या मेसमध्ये कुक आहे. या नोकरीचे माझ्यावर लई उपकार आहेत. धाकट्या सुशीचं लग्न हिनं केलं, घरावर स्लॅब हिनं टाकला. म्हणून ती सुटायची धास्तीही कायम पोटात असते. माझ्यासारखे बाहेर पडलेले जे हे वाचतील त्यांना ती सांगावी लागणार न्हाई.

मेसमध्ये कुणी ताटात भात तसाच सोडून उठला तरी मी विचारतो, "क्या हुआ भाई, तबीयत ठीक नहीं?" आणि माझी माय कित्येक महिने चहात बुडवलेल्या भाकरीवर होती, ते मला कळलं न्हाई. घास उतरत नव्हता तिला. फोनवर विचारलं की म्हणायची, "जेवले की, आत्ताच उठले." शेवटी चहाही अडकायला लागला तेव्हा सुशीनं तिला लातूरला नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला.

अरबाबाच्या, म्हणजे इथल्या मालकाच्या, हातापाया पडून सुट्टी मिळवली. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तो उन्हाळा. सुशी एका हातात पाण्याचा कॅन आणि दुसऱ्या हातानं मायला धरून दवाखान्यात चढायची. मी मागनं फाईल घेऊन.

डॉक्टरांनी समजावलं, गाठीचा भाग काढायचा, जठर वर ओढून जोड द्यायचा. मग विचारलं, "तंबाखू, बिडी?"

मीच छाती काढून बोललो, "न्हाई साहेब. आमच्या मायला कसलंच व्यसन न्हाई."

"छ्या! बाईमाणूस मी," माय म्हणाली. सुशीनंही मान हलवली. माझ्या सुट्टीत बसेल अशी तारीख मिळाली.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी वॉर्डातल्या बेसिनपाशी मायनं कमरेची डबी काढली आणि दातांवर बोट फिरवू लागली. नर्स थबकली. "आजी, काय लावताय?"

"मिश्री हाय. तोंड धुवायलेय."

"कशाची करतात?"

"तंबाखू भाजायची, कुटायची. तूबी लाव गं, दात कसे घट्ट राहतात बघ."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. नर्स हसली न्हाई, ती डॉक्टरांकडं गेली.

आमच्याकडं मिश्रीला कुणी तंबाखू म्हणतच न्हाई. ते तोंड धुणं. आजी लावायची, माय लावायची, मी तिच्या तोंडाचा तो वास घेतच मोठा झालो. डॉक्टर रागावले न्हाईत. म्हणाले, वजन उतरलंय, चुलीच्या धुरानं छाती आधीच कमजोर, एवढं धरूनच तारीख दिली होती. त्यात इतक्या वर्षांचा तंबाखू निघाला. अशा अंगात जोड नीट भरत नाही, उसवला तर जिवावर येतं, छातीत न्यूमोनिया होतो. मिश्री बंद, नाकातल्या नळीनं खाणं, श्वासाचा व्यायाम, काही आठवडे. "तेवढं थांबणं परवडेल. जोड सुटणं परवडणार नाही."

आणि माझ्या मनात काय आलं? नर्सनं बघितलं नसतं तर बरं झालं असतं. आलं तसं लिहितो. वर डॉक्टरांना विचारलंसुद्धा, "उद्याच उरकता येईल का साहेब? माझी सुट्टी..."

"दादा, ऑपरेशन मायचं हाय," सुशी म्हणाली. "तुझ्या सुट्टीचं न्हाई."

सुट्टी संपून मी निघालो तेव्हा माय श्वास ओढून व्यायामाच्या प्लास्टिकच्या डब्यातले छोटे चेंडू वर उचलत होती. "म्हातारपणी खेळाया लावलं बघ," म्हणाली. विमानात माझ्यापुढं जेवण आलं आणि मी ते सगळं खाल्लं. भूक लागली होती. त्याचीही लाज वाटते.

ऑपरेशन झालं तेव्हा मी मेसमध्ये कांदा चिरत होतो. मायच्या छातीत कफ भरला, काही दिवस आयसीयूत काढावे लागले. सुशी तिला उठवून बसवायची, पाठ थोपटायची, खोकायला लावायची. जोड मात्र टिकला. डॉक्टर सुशीला म्हणाले, थांबलो म्हणून निभावलं.

तुम्ही गावाकडचे लोक मला म्हणता, तू पैसा पाठवलास म्हणून माय वाचली. तसं म्हणू नका. पैसा पाठवला, खरं आहे. पण माझ्या सोयीनं झालं असतं तर कदाचित आज ते घर रिकामं असतं. घर म्हटलं की आता मला हेच आठवतं: माझ्यावाचून, माझं न ऐकता जिथं मायला जपलं, ती जागा.

परवा व्हिडिओवर माय बसून पेज घेत होती. सुशी वाटीत घोटभरच ओतते, दिवसातनं पुन्हा पुन्हा. मायचा आवाज अजून बसलेला आहे. मी नुसता बघत राहिलो.

"काय बघतो रं?" ती म्हणाली. "ठेव फोन. तुझी माणसं उपाशी असतील."