राजवाड्याच्या पडद्यामागचा दोडका

पावसाशी इतकं मनापासून भांडणारा माणूस मी आमच्या घरमालक भाऊंखेरीज दुसरा पाहिलेला नाही. बाकीचे लोक पावसाला कंटाळतात, दोन शिव्या घालतात आणि घरात जाऊन चहा पितात. भाऊ बाहेर जाऊन भांडत. खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावरून घ्यायची, फावडं उचलायचं आणि घरामागच्या भाजीच्या वाडीत जाऊन वाफ्यातल्या पाण्याला नाली काढून द्यायची, हा त्यांचा चार महिन्यांचा उद्योग. मधूनच कंबर सरळ करून ते आभाळाला म्हणत, "पड ना बाप्पा, पड! अजून काऊन थांबून राह्यला?" घरात छत्री एकच होती आणि ती मिरचीच्या रोपांवर काठीला बांधलेली असे. एकदा शाळेत जाताना मी ती मागितली, तर त्यांनी मला आधी नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "सर, तुमी तं चांगले मोठे झाले ना? थे बिचारी अजून चार पानाची हाय." मी भिजत शाळेत गेलो.

मी साताऱ्याकडचा. वडशापासून तासाभराच्या अंतरावरच्या या गावी शिक्षक म्हणून आलो आणि भाऊंच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. भाऊंनी उमेदीची सगळी वर्षं एका नाटक कंपनीत पडदे ओढण्यात घालवली होती. हिवाळा आला की गावोगाव नाटकं आणि प्रत्येक नाटकात पडद्याची दोरी यांच्या हातात. पुढे कंपनीने छापील पडदे आणले आणि रंगवलेल्या जुन्या पडद्यांपैकी तीन भाऊंना देऊन टाकले. त्या तीन पडद्यांनी त्यांनी वाडीला वारा अडवायची सोय केली होती. पश्चिमेला, जिथून पावसाळी वारा येतो तिथे, राजवाडा. फाटकाजवळ गावातला रस्ता. त्या रस्त्याने आत शिरायला बघणाऱ्या शेजारच्या बकरीचं डोकं पडद्यामागच्या कुंपणावर मी स्वतः दोनदा आपटताना पाहिलं आहे. तिसरा पडदा जंगलाचा. वाडीच्या मागे खरंच जंगल होतं, पण तो त्या बाजूला न लावता घराच्या भिंतीकडे लावलेला. मी कारण विचारलं. "तिकडं लावला तं डुकराले समजत नाई ना सर, कुठी जंगल सरलं अन् कुठी वांगे सुरू झाले!"

पडदे नुसते बांधून ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सकाळी उघडीप असली की ते तिन्ही पडदे गुंडाळून वर घेत, म्हणजे वाफ्यांना ऊन लागावं, आणि वारं सुटलं की खाली सोडत. वारा फार वाढला तर दोऱ्या ढिल्या करत. मला हे उलटं वाटे. वारा वाढल्यावर माणूस गाठी घट्ट करील की सैल? पण भाऊ म्हणत, "वाऱ्यासमोर पडदा ताणाचा नसते सर. त्याले थोडं हलू द्याचं. ताणला का मग येलाचा मांडव घेऊनच जाते." मी मान डोलावली होती. वर्गात मुलं जशी मान डोलावतात तशीच ती होती, हे मला नंतर कळलं.

वाडी मुळात भाऊंची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची. भाऊ तिला बुढी म्हणत, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाल्यावरही त्या शब्दाआधी किंचित थांबत. ती असताना भाऊंना भेंडी आणि अंबाडीच्या पानांतला फरकही कळत नसे, असं गावातले लोक सांगत. लग्नात तिने चिमूरकडच्या माहेराहून पदराच्या गाठीत दोडक्याचं बी आणलं होतं. आखूड, गुबगुबीत, पांढुरक्या सालीचा दोडका. तसा आसपास कुणाकडेच नव्हता. दरवर्षी वेलावर पहिला धरलेला दोडका ती बियांसाठी राखायची. त्याला चिंधी बांधायची, म्हणजे कुणी तोडणार नाही. पावसाळा संपून तो वेलावरच वाळला आणि हलवल्यावर आत खुळखुळ वाजायला लागला की मगच खाली उतरवायचा. ती गेल्यावर भाऊंनी हा नेम जशाच्या तसा चालू ठेवला. ऑक्टोबरात ते दोडका कानाशी धरून हलवत आणि ऐकत बसत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायला जाऊ नये, एवढं मला न सांगताच कळलं होतं.

त्या वर्षी पाऊस असा लागला की उघडीप कशी असते ते विसरायला झालं. पहिलं टाकलेलं बी मातीतच कुजलं. भाऊंनी डब्यातलं उरलंसुरलं सगळं बी पुन्हा लावलं, त्यातून एकच वेल जगला. त्याची फुलं पावसाने झडली आणि अख्ख्या मांडवावर एकुलता एक दोडका धरला. त्याला भाऊंनी बुढीच्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली. आम्ही दोघांनी त्या पावसाळ्यात बाजारातले बटाटे खाल्ले आणि रोज संध्याकाळी जाऊन त्या दोडक्याकडे पाहिलं. भिंतींना ओल आली होती, माझ्या वह्यांना बुरशी लागली होती, आणि भाऊंचं आभाळाशी भांडणसुद्धा बंद झालं होतं. तेच मला जास्त जड वाटलं.

भाद्रपदात त्यांची लेक आजारी असल्याचा फोन आला आणि त्यांना वडशाला जावं लागलं. जाताना चपला हातात घेऊन ते चिखलात उभे राहिले. "सर, दोडक्याकडं ध्यान ठेवजा. बुढीचं तेवढंच राह्यलं हाय." मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. ते गेले आणि नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारं सुटलं. मी धावत वाडीत गेलो, तर राजवाडा फडफडत होता, खांब आणि महाल सगळे हेलकावे खात होते. मला ते पाहवेना. मी चारही दोऱ्या खेचून गच्च गाठी मारल्या आणि मोठं काम केल्यासारखा मागे सरलो. राजवाड्यात वारा भरला. पडदा पोटासारखा फुगला आणि मांडवाच्या ज्या लाकडी बल्लीला तो बांधला होता ती मांडवासकट कलायला लागली. मी बल्लीला मिठी मारली. भाऊंचं बोलणं तेव्हा आठवलं, पण एव्हाना ओल्या दोरीच्या गाठी सुटेनात. मांडव आता जाणार, दोडका चिखलात जाणार, असं दिसल्यावर मी हात वर करून तो तोडला आणि कुशीत घेऊन घरात पळालो. मागे मांडव आडवा झाला. दोडका मात्र माझ्याजवळ सुखरूप होता. मी तो पुसून तांदळाच्या पोत्यावर ठेवला. मला स्वतःचा इतका अभिमान फार कमी वेळा वाटला आहे.

रस्ता सुरू झाल्यावर भाऊ आले. लेक बरी होती. मी दारातच सगळी हकिगत सांगितली आणि दोडका त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी नेला आणि हलवला. काहीच वाजलं नाही. दोडका अजून कच्चाच होता, आतलं बी दुधाळ, कोवळं. त्याच आठवड्यात मी सहावीच्या वर्गाला बीज पक्व झाल्याशिवाय अंकुरत नाही, हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. ते आता आठवलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "होते सर, होते. घरात वाळवू आपण. चुलीवर टांगून ठेवतो." आणि खोळ न घेताच आडव्या पडलेल्या मांडवाकडे गेले. त्यांच्या पाठीवर पाऊस पडत होता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही, कारण पाहायला कुणी नव्हतं.

पुढच्या मृगात त्यांनी मला मुद्दाम बोलावून माझ्यासमोर त्या दोडक्याचं बी लावलं. चपटं, सुरकुतलेलं, बोटांत धरलं तरी जाणवू नये असं. आठ दिवस गेले. दहा दिवस गेले. मी सकाळी वाडीकडे बघायचं टाळू लागलो. मग एका सोमवारी भाऊंची हाक आली. "सर, या तं! पाहा, निघाले का नाई? मी म्हणलं नव्हतं?" वाफ्यात दोन टवटवीत रोपं होती. आदल्या दिवशी भाऊ बाजारात गेले होते आणि दहा दिवसांत रोप एवढं जाड होत नसतं, एवढं विज्ञान मलाही येत होतं. श्रावणात मांडवावर दोडके लागले. हिरवेगार, हातभर लांब, धारदार शिरांचे. आखूडपणा औषधालाही नव्हता. भाऊंनी चण्याची डाळ घालून भाजी केली, वाटी माझ्यापुढे ठेवली आणि राजवाड्याकडे बघत बसले. मी दोन घास खाल्ले. "तीच चव आहे, भाऊ," मी म्हणालो. "हो ना? बुढीचाच हाय थो," ते म्हणाले, आणि मला आणखी वाढलं.

माझी बदली झाली तेव्हा त्यांनी काडेपेटीत बी घालून दिलं. आता माझ्या घरामागेही पावसाळ्यात हातभर लांब दोडके लोंबतात. वारं सुटलं की मी आडोशाच्या ताडपत्रीच्या दोऱ्या सैल करतो. पहिल्या दोडक्याला चिंधी बांधतो आणि तो खुळखुळ वाजेपर्यंत वाट पाहतो. कुणी बियाणं कुठलं म्हणून विचारलं, तर चिमूरकडच्या एका बाईंनी लग्नात पदराच्या गाठीत आणलेलं, असं सांगतो.