शेळ्यांवर घेतलेला आळ

जळकोटजवळच्या एका गावात मी जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. एका शेतकऱ्याच्या तीन गाई पाठोपाठ गाभडल्या, दिवस भरण्याआधीच त्यांचे गर्भ पडले. हर्पीसच्या कुळातल्या विषाणूचा संशय होता, म्हणून गाईंचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या मावशींच्या शेळ्या गाईंबरोबर गावच्या एकाच हौदावर पाणी प्यायच्या, त्यांचेही पाठवले. रक्ताच्या तपासणीत दोन्हींकडे संसर्ग निघाला. रिपोर्ट हातात धरून मी हौदापाशी चार माणसांत बोलून गेलो, "शेळ्यांकडूनच आलंय हे."

मावशी पुढं आल्या. "साहेब, माझी एक बी शेळी गाभडली न्हाय. मग कसं?"

"मावशी, रिपोर्ट खोटं बोलत नाही."

लोकांनी शेळ्यांना हौद बंद केला. मावशींनी काही दिवस लांबच्या विहिरीवरून घागरी वाहिल्या. मग उन्हाळ्यात सगळ्या शेळ्या बाजारात नेऊन विकल्या आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागल्या.

पावसाळ्यात प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. त्यांनी दोन्ही विषाणूंची जनुकं जुळवून पाहिली होती. "भाऊबंद आहेत, पण एक नाहीत," त्या म्हणाल्या. "गाईंचा वेगळा, शेळ्यांचा वेगळा. रक्ताच्या तपासणीला दोन्ही सारखेच दिसतात. तुम्हाला ठाऊक असेलच."

ठाऊक होतं. कॉलेजात शिकलो होतो. पण चारचौघांत 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली होती.

शेतकऱ्याकडं गेलो. गाई गाभडण्याआधी त्यानं बाजारातून एक नवी गाय आणली होती. "तुम्ही इचारलंच न्हाय, साहेब," तो म्हणाला. खरंच, मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मावशींच्या दारात उभा राहिलो. चूक माझी होती, एवढंच कसंबसं बोललो. त्या हातपाय धूत होत्या.

"मला कशाला सांगता? मला ठावंच हुतं. ज्यांच्या म्होरं बोललात, त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. एकजण म्हणाला, "जाऊ द्या, झालं ते." बाकीचे आपापल्या कामाला लागले. मावशींना शेळीच्या दोन तरण्या पाटी आणून देतो म्हटलं, तर त्यांनी मान हलवली, "आता न्हाय जमायचं," आणि खुरपं घेऊन निघाल्या.