खालचं पाणी

आमचे दिवाकरकाका फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झाले, पण त्यांच्या हातांना काही ते मानवलं नाही. कुठल्याशा गावच्या बोअरच्या पाण्यात किरणोत्सर्गी कण सापडल्याचं त्यांनी पेपरात वाचलं मात्र, रांझीतल्या आपल्या घरच्या बोअरचाही त्यांना संशय येऊ लागला. मग मोठा कुकर आला, शिटीच्या जागी तांब्याची नळी आली. नळी गार पाण्याच्या बादलीतून बरणीत. वाफेचं ते थेंबथेंब पाणी काका-काकू पिऊ लागले. सिलिंडर भसाभस संपायचे. काकूंनी त्यावरून बोलणं सोडून दिलं होतं.

घरी येईल त्याला हे यंत्र बघावंच लागे. त्या रविवारी मी आणि माझी बायको लतिका तावडीत सापडलो.

"शुद्ध वाफ वर जाते," काका सांगत होते. "सगळं जहर खालच्या पाण्यात राहते. गाढं होऊन."

मोरीत भांडी घासणाऱ्या शकुबाईचा हात थांबला.

"भैयाजी, खालचं पाणी तर मी घरी नेते," ती म्हणाली. "नातवाले पाजते."

कुकरात उरलेलं उकळलेलं पाणी फेकवेना म्हणून काकूंनीच विचारलं होतं, शकुला देऊ का. नळी बसवता बसवता काका 'दे' म्हणाले होते. तेव्हापासून मागच्या दाराशी तिचा डबा रोज भरलेला असायचा आणि काका तो ओलांडून बागेत जायचे. इतकी अक्कल पाजळणारा माणूस, पण डब्यातलं पाणी कुणाच्या पोटात जातं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. लतिकानं हातातला ग्लास न पिताच खाली ठेवला. काकांना मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून शकुबाई आली नाही. काकांनी बोअरचं आणि कुकरातलं, दोन्ही पाणी तपासायला दिलं. दोन्ही निर्दोष निघालं. ते ऐकल्याबरोबर मला घेऊन ते तिच्या घरी गेले. नातू अंगणात टायर फिरवत होता. पाण्यात काहीच नव्हतं, पोराला काही होणार नाही, असं काकांनी दोनदा सांगितलं. शकुबाईनं पदरानं डोळे पुसले.

"बरं झालं, भैयाजी," ती म्हणाली. "पण देताना तुम्हाले तर ते जहरच वाटत होतं ना?"

काका उंबऱ्याबाहेरच उभे होते. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते.

"हो," ते म्हणाले.