बूट काढून हृदयात शिरलेला आमचा वर्ग

शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन शांती नगरच्या आमच्या सायबर कॅफेत गेलो. तिथे जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ओळखीच्यांना माहीतच आहे, मी आठवीत शाळा सोडली. एका जागी बसणं जमायचंच नाही. गाव गुहागरकडे, आलो भाईंदरला... स्टीलच्या भांड्यांचा कारखाना, कुरिअर, केबिन रोडवर मोबाईलचं दुकान, सगळं करून आता हा कॅफे सांभाळतो.

तिथेच नेटवर एक कोर्स सापडला. परदेशातली युनिव्हर्सिटी, घरबसल्या शिकायचं, विषय माणसाचं शरीर. फुकट, आणि किती शिकलात ते कोणी विचारत नाही.

पण वर्ग कुठे भरतो? कॉम्प्युटरमधल्या एका थ्रीडी जगात! आपला एक माणूस बनवायचा, बटणं दाबून त्याला चालवायचं, आणि तो आपल्या जागी वर्गात जाऊन बसतो. शिकवणाऱ्या मॅडम एका देशात, पोरं भलत्याच देशांत, आणि सगळे एकाच झाडाखाली...

बोलणं सगळं टाइप करून, म्हणून निभावतं. मांडीवर इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसतो. आमचे शेठ हितेशभाई म्हणतात, "कॉलेज जाता है के गेम खेलता है तू?" पण थ्रीडी चालवणारं, ग्राफिक्स कार्डवालं जे एकच मशीन आहे, ते शनिवारी मला वापरायला देतात. दिलाचा मोठा माणूस.

आता आईचं. महिन्यापूर्वी तिला गावाहून आणलंय, चार पावलं चालली की धाप लागते. डॉक्टर म्हणाले, हृदयातली एक झडप आखडलीय, म्हणजे रक्त जायचं दारच नीट उघडत नाहीये. ऑपरेशन करून बदलावी लागेल, आणि फार थांबू नका.

आई ऐकेना. "मला नाय छाती फाडून घ्यायची. गावी नेऊन सोड." मी, मामा, शेजारची भाभी, सगळे सांगून दमलो... काही होणार नाही, काही होणार नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

या शनिवारचा वर्ग हृदयावर होता. म्हटलं, बघू दे तिला तरी. शेजारी खुर्ची घेतली, तिथले आवाज ऐकू यावेत म्हणून हेडफोन तिच्या कानाला लावला.

मॅडम झाडाखालून उठल्या आणि आम्ही सगळे मागे निघालो. समोर हृदय... चार मजली बिल्डिंगएवढं! नुसतं चित्र नाही, धडधडत होतं. भिंती आत-बाहेर होत होत्या. मी तर बटण दाबायचंच विसरलो... हे असलं काहीतरी आपण प्रत्येक जण छातीत घेऊन फिरतोय?

मग माझा माणूस आत शिरला, आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"अरे, आत कुठं शिरतोस? बूट तरी काढ मेल्या!"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं... आदल्या दिवशी तिची पुन्हा इको टेस्ट झाली होती. तिथे डॉक्टरने अशाच स्क्रीनवर तिचं हृदय हलताना दाखवलं होतं. तिला वाटलं हे तेच. तिचंच. आणि तिचा मुलगा बूट घालून आतून चालतोय...

हसू यायला हवं होतं. नाही आलं. गुपचूप मेनू उघडून माझ्या माणसाचे बूट काढले.

वर्गातल्या एकाने लगेच विचारलं, बूट का काढलेस? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं... माझी आई शेजारी बसली आहे, तिला हृदयाचा आजार आहे, तिला वाटतंय हे तिचं आहे.

 आणि मग मॅडमचे बूट गेले. मग शेजारच्या मुलीचे. मग एकेकाचे... सगळा वर्ग अनवाणी! एक जण कोल्ह्याचं रूप घेऊन येतो, त्याच्या पायात मुळात काही नसतंच. त्याने लिहिलं, मी पाय पुसले.

खरं सांगतो, अंगावर काटा आला.

आईला मी सांगितलं, हे तुझं नाही गं, सगळ्यांचंच असं असतं. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मग माझं पण असंच असंल ना." मॅडमनी आखडलेली झडप दाखवली, मग नवीन बसवलेली. आई दोन्ही वेळा पुढे वाकून बघत होती.

मग म्हणाली, "त्या बाईंना विचार, हे बदलल्यावर मी शेतात उतरेन काय?"

मी टाइप केलं. मॅडमचं उत्तर आलं... ते मला माहीत नाही. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि नक्की विचारा.

माझा चेहरा पडला. वाटलं, संपलं. भीत भीत आईला जसंच्या तसं सांगितलं.  ती हेडफोन काढून माझ्या हातात देत म्हणाली, "सगळी म्हणतात काय नाय होणार. तुमास्नी काय माहीत? ही एकच बाई म्हणाली, मला माहीत नाय. ने मला डॉक्टरकडं, मीच विचारते."

आणि काल तिने विचारलं! डॉक्टरने गॅरंटी दिली नाही. धोका किती, फायदा काय, सगळं नीट समजावलं. शेताचं म्हणाले, सावकाश, पण उतराल असं वाटतंय. आई म्हणाली, "मग करा."

गुरुवारी ऑपरेशन आहे. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू...

मॅडमना कळवलं, तर त्यांनी फक्त आईचं नाव विचारलं, वर्गाला सांगायला. नीट स्पेलिंग करून पाठवलं, सुलोचना. त्या वर्गातल्या एकाचाही खरा चेहरा मी पाहिलेला नाही. पण गुरुवारी कुठल्या कुठल्या गावांत कोणाकोणाच्या ओठांवर माझ्या आईचं नाव असेल... विचार करूनच छाती भरून येते.