काठावरची मोहरी

माझ्या मावससासूबाईंइतकं अगत्य अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी करत नसेल, आणि त्या अगत्यातून पत्ताकोबीवरच्या अळ्याही सुटलेल्या नाहीत. केजजवळच्या त्यांच्या रानात कोबी लावण्याआधी कडेनं मोहरी पेरली जाते. कोबीवरच्या पतंगाला मोहरी जास्त आवडते; तो अंडी तिथंच घालतो, अळ्या तिथंच चरतात आणि मधला कोबी शाबूत राहतो. ही युक्ती कृषी सहायकानं सांगितलेली. त्याच्या लेखी तो सापळा, बाईंच्या लेखी पंगत. "भुकेल्याला हाकललं तर त्यो जातो व्हय? आदी वाढायचं," असं त्या म्हणतात. मग सकाळी मोहरी झटकली, की पोटभर जेवलेल्या अळ्या टोपल्यात जमा होतात आणि कोंबड्यांपुढे पडतात. पाहुणचाराचा हा उत्तरार्ध मला बरेच दिवस ठाऊक नव्हता. ठाऊक झाल्यापासून त्यांच्याकडे दुसरी भाकरी घ्यायला मी जरा कचरतो.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी जाहीर करून टाकलं, की पंगतीला भाजी घरच्याच कोबीची होईल. व्याह्यांच्या पानात अळी निघाली तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, अशी धास्ती माझ्या बायकोनं घेतली. बाई मात्र मोहरीच्या भरवशावर निर्धास्त होत्या. लग्न तोंडावर आलं असताना विहीणबाई बस्त्याचं ठरवायला आल्या, रानात फिरताना मोहरीचा कोवळा पाला पाहून हरखल्या आणि भाजीसाठी खुडायला लागल्या. आता विहिणीचा हात धरायचा कसा? बाई तोंडभर हसत स्वतःही खुडू लागल्या, एवढंच नव्हे तर उरलेली रोपं मुळासकट उपटून त्यांच्या जीपमध्ये भरून दिली. जीप वळणाआड गेली तशा त्या बांधावर मटकन बसल्या.

"कोबी उघडा पडला की वो, जावईबापू."

तिथून पुढं आम्ही सगळे, अगदी नवरीसुद्धा, पानं उलटून उलटून अंडी चिरडत होतो, अळ्या वेचत होतो. संध्याकाळी निंबोळी अर्काची फवारणी. मी दुकानातल्या जालीम औषधाचं नाव काढलं, तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढच्या सरीत गेलो. पंगतीला माणसं जेवणार होती, हे त्यांना तोंडानं सांगावंही लागलं नाही. कोंबड्यांची मात्र चंगळ झाली. लग्नाच्या सकाळी एकेक गड्डा बाईंनी स्वतः चिरून मिठाच्या पाण्यात बुडवला आणि आचारी बिचारा हातावर हात ठेवून बघत राहिला.

विहीणबाईंच्या पंगतीत भाजी वाढायला मीच गेलो. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, पानात वाकून पाहिलं. माझ्या हातातली बादली जड झाली.

"लई ग्वाड झालीय भाजी," त्या म्हणाल्या, "आणा आणखी."

माझा जीव भांड्यात पडला. खांबाआड उभ्या असलेल्या बाईंनी पदरानं घाम पुसला आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं.

पाठवणीच्या वेळी लेक गळ्यात पडून रडली. बाई रडल्या नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "तिकडं काय बी झालं, तर ते आदी माझ्याकडं यू दे. मी काठाला हाय."

यंदा त्यांनी मोहरीची एक ओळ जास्त पेरली आहे. विहीणबाई भाजी न्यायला येतील, आणि येताना लेकीलाही घेऊन येतील, म्हणून.